घाई नको तिथे घाई, घाई हवी तिथे गॅसची गोळी

पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल तर रात्री वाचा, पण घरात पन्नाशीच्या पुढचं कोणी असेल तर वाचाच.

गेल्या रविवारी आपल्या तालुक्यात आणखी एक मोफत हृदयरोग तपासणी शिबीर झालं. श्रीफळ, समई, पुढाऱ्यांचे फोटो असलेला बॅनर, सगळं यथासांग. बातमी मीच लावली. 'शेकडो रुग्णांनी घेतला लाभ' हे शीर्षक गेल्या वीस वर्षांत मी किती वेळा टाइप केलंय, देव जाणे. या वेळी मात्र हात अडला. कारण शिबिराच्या मांडवातून बाहेर पडताना आमच्या वाडीतला एक जण भेटला आणि त्याने हातातली चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठीवर 'अँजिओग्राफी' लिहिलेलं, खाली गुरुवारची तारीख आणि घाटावर नेणाऱ्या गाडीची वेळ. याची तक्रार काय, तर दिवाळीपासून घाटी चढताना छातीत आवळल्यासारखं होतं आणि दोन मिनिटं थांबलं की जातं. आजवर एकाही डॉक्टरने त्याला यावर महिनाभर गोळ्या देऊन बघितलेलं नाही.

मला म्हणाला, "भाऊ, योजनेत बसला नाय तर म्हणान पन्नास-साठ हजार हाताशी ठेवूक सांगल्यानी. काय करू सांग."

मी काय सांगणार? मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, डॉक्टर नाही. पण दोन वर्षांपूर्वी घरात एक प्रसंग घडला (तो खाली सांगतो), तेव्हापासून या विषयावरचं जे मिळेल ते वाचत आलोय. दोन हृदयरोगतज्ज्ञांशी बसून बोललोय. दोघांनी नाव छापायचं नाही या अटीवर बोलणं केलं, कारण दोघांनाही याच पट्ट्यात प्रॅक्टिस करायची आहे. आता माझं म्हणणं सरळ मांडतो. ज्या आजारात स्टेंट जीव वाचवतो, त्या वेळी तो आपल्या माणसाला मिळत नाही. आणि ज्या आजारात तो आयुष्य वाढवत नाही, तिथे तो गाडी पाठवून, भीती घालून, दागिने मोडायला लावून बसवला जातो. जिल्ह्यात नेमकं उलटं चाललंय.

आधी हा फरक समजून घ्या, कारण सगळं त्यावर आहे.

देवबागच्या मुखाशी वाळू साचते ती एका दिवसात नाही. वर्षानुवर्षं साचते, होडीवाले भरती-ओहोटी बघून वाट काढतात, धंदा चालू राहतो. हृदयाच्या नळीतला जुना ब्लॉक तसा असतो. चालताना, चढताना रक्त कमी पडतं, छाती भरून येते, बसलं की बरं वाटतं. डॉक्टर याला स्टेबल अंजायना म्हणतात. आता त्याच मुखात एखादी बोट आडवी बुडाली तर? एका क्षणात सगळं ठप्प. तो हार्ट अटॅक. नळीच्या भिंतीत साचलेल्या चरबीवरचा पापुद्रा फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी बनते आणि नळी पूर्ण बंद होते. आणि गंमत अशी, की हा पापुद्रा पुष्कळदा अशा जागी फाटतो जिथे आधी मोठा ब्लॉक नव्हताच. म्हणून स्क्रीनवरचा 'ऐंशी टक्के' उघडला की पुढचा अटॅक टळला, हे गणित दिसायला सोपं असलं तरी तसं सुटत नाही.

हे माझं मत नाही, तपासून झालेली गोष्ट आहे. कॅथेटरने नळी उघडायची पहिली शस्त्रक्रिया आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये केली. माणूस मोठा जिद्दीचा, फुग्याच्या नळ्या घरच्या स्वयंपाकघरात बसून बनवायचा. १९८६ मध्ये पहिला स्टेंट बसला. नंतर औषधाचा लेप असलेले स्टेंट आले. पुढची वीस वर्षं जगभर लाखो लोकांना हे बसवले गेले, या समजुतीने की नळी उघडली म्हणजे माणूस जास्त जगणार. मग कोणीतरी विचारलं, खरंच जास्त जगतो का?

२००७ मध्ये 'करेज' नावाच्या संशोधनाचा निकाल आला. स्टेबल आजाराचे २,२८७ रुग्ण घेतले. अर्ध्यांना गोळ्या आणि अँजिओप्लास्टी, अर्ध्यांना फक्त गोळ्या, पथ्य, व्यायाम. साडेचार वर्षांनी पाहिलं तर मृत्यू आणि अटॅक यांत फरक नाही. तेव्हा लोक म्हणाले, स्टेंट जुने होते, रुग्ण सौम्य होते. ठीक. मग अमेरिकी सरकारच्या पैशाने, कुठल्या कंपनीच्या नव्हे, 'इस्केमिया' नावाचं त्याहून मोठं संशोधन झालं. ३७ देश, ५,१७९ रुग्ण, तपासणीत मध्यम ते गंभीर दोष दिसलेले. भारतातलेही रुग्ण त्यात होते. २०२० मध्ये ते छापून आलं. आधी अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केलेल्या गटात मृत्यू १४५. गोळ्यांवर ठेवलेल्या गटात मृत्यू १४४. हे दोन आकडे कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

बरं, जीव वाढत नसेल, पण छातीतली कळ तरी जाते ना? जाते, आणि हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. इस्केमियामध्येच ज्यांना दर आठवड्याला किंवा रोज दुखायचं, त्यांच्यातले स्टेंट-बायपासवाले वर्षभराने निम्मे दुखण्यातून मोकळे झाले, गोळ्यांवरचे जेमतेम २० टक्के. लंडनमध्ये तर 'ऑर्बिटा' नावाचा अजब प्रयोग झाला. २०० रुग्णांना आधी सहा आठवडे नीट गोळ्या दिल्या, मग टेबलावर घेतलं, गुंगी दिली, कानाला हेडफोन लावले. अर्ध्यांना खरा स्टेंट बसवला, अर्ध्यांना नुसतं टेबलावर ठेवून परत पाठवलं. कोणाला काय झालं ते रुग्णाला माहीत नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर पळवलं तर दोन गटांत फरक १६ सेकंदांचा, म्हणजे नसल्यातच जमा. हे २०१७ चं. त्याच लोकांनी २०२३ मध्ये पुन्हा प्रयोग केला, या वेळी दुखण्यावरच्या गोळ्या बंद ठेवून, ३०१ रुग्णांवर. तेव्हा मात्र स्टेंटवाल्यांचं दुखणं खरोखर कमी झालं. म्हणजे स्टेंट निरुपयोगी नाही. दुखण्यावरचा तो एक इलाज आहे, गोळ्यांनी भागत नसेल तर घ्यावा असा. पण 'आज केला नाहीस तर बॉम्ब घेऊन फिरतोयस' हे जे वाक्य आपल्या माणसाला टेबलावर ऐकवलं जातं, त्याला आधार नाही.

ते वाक्य मी स्वतः ऐकलंय. एका ओळखीच्या रापणकराबरोबर मी घाटावर गेलो होतो. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण नाव एकाचं घेतलं तर बाकीचे सुटतात. माणूस आत टेबलावर, मनगटातून नळी घातलेली. पंधरा मिनिटांत त्याच्या बायकोला आणि मला काचेआड बोलावलं. स्क्रीनवर काळी फांदी, त्यात एक बारीक झालेली जागा. "पंच्याऐंशी टक्के आहे. आत्ताच करून टाकू, परत परत टोचायला नको. हो की नाही, पाच मिनिटांत सांगा." त्या बाईने आयुष्यात एवढा मोठा निर्णय पाच मिनिटांत कधी घेतला नसेल. मुलीच्या लग्नाचं ठरवायला त्यांना सात महिने लागले होते. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. दोन स्टेंट बसले. होडीचं नवं इंजिन घ्यायला ठेवलेले पैसे गेले आणि वर सोसायटीचं कर्ज झालं.

तेव्हा मला हे आकडे माहीत नव्हते. माहीत असते तर मी एवढंच विचारलं असतं, "डॉक्टरसाहेब, हा अटॅक आहे का? नसेल तर आम्ही घरी जाऊन दोन दिवस विचार केला तर काय बिघडेल?"

ही सगळी डॉक्टर मंडळी चोर आहेत असं मी म्हणत नाही. पुण्याच्या 'साथी' संस्थेसाठी डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यात कमिशन, टार्गेट, रेफर करण्याचे पैसे यावर डॉक्टरच बोललेत, तेही शरमेने. प्रामाणिक डॉक्टर आहेत, म्हणून तर हे बाहेर आलं. पण ज्या हॉस्पिटलने कॅथलॅबवर कोट्यवधी घातलेत आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला भरायचा आहे, त्याची गाडी आपल्या तालुक्यात मोफत येते तेव्हा ती रिकामी परत जाण्यासाठी येत नाही, एवढं समजायला डिप्लोमा लागत नाही.

आता किमतीबद्दल, कारण त्यात सरकारने एकदा खरंच चांगलं काम केलं. दिल्लीतले वकील बिरेंदर सांगवान यांनी जनहित याचिका केली आणि त्यानंतर १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. सरासरी सव्वा लाखाच्या घरात विकला जाणारा लेपाचा स्टेंट २९,६०० रुपयांवर आला, साधा धातूचा ४५ हजारांवरून ७,२६० वर. मधल्या साखळीत नफा ६५४ टक्क्यांपर्यंत जात होता, हे प्राधिकरणानेच सांगितलं. नंतर दर हळूहळू वाढत गेले, पण मर्यादा अजून आहे. याच आदेशात आणखी एक गोष्ट आहे जी फारशी कोणी वापरत नाही. हॉस्पिटलने बिलात स्टेंटची किंमत, ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा दाखवायचा आहे. 'पॅकेज' म्हणून एकच आकडा हातात ठेवला तर विचारा. हक्क आहे तुमचा.

त्या काळात 'विरघळणारा स्टेंट' म्हणून एक महागडी चीज विकली जायची. काही वर्षांनी आपोआप नाहीसा होणार, एकदम आधुनिक. लोकांनी लाखाच्या वर मोजले. मोठ्या चाचण्यांत त्यात गुठळ्या होण्याचं प्रमाण जास्त निघालं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये अॅबट कंपनीने तो 'अॅब्सॉर्ब' जगभरातून विकायचा बंद केला. ज्यांनी जमीन विकून बसवला त्यांना कोणी पत्र पाठवलं का? उलट बाजूही सांगतो. सुरतेच्या कंपनीचा 'सुप्राफ्लेक्स' हा स्टेंट युरोपातल्या २३ केंद्रांत १,४३५ रुग्णांवर अमेरिकी 'झायन्स'शी तुलना करून तपासला गेला. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलं की आपला स्टेंट कुठेही कमी नाही. तेव्हा 'इंपोर्टेड टाकू की देशी?' असा प्रश्न आवाज खाली घेऊन कोणी विचारला तर त्यामागे काय आहे ते ओळखा.

इथवर घाई नको तिथल्या घाईचं झालं. आता घाई हवी तिथलं.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझ्या थोरल्या भावाला, दादाला, पहाटे सव्वाचारला छातीत भरून आलं. अंगभर घाम, बनियन पिळून काढावं असा. डावा हात जड. वहिनी म्हणत होती, "तुमका इतको घाम कित्याक येता?" दादाचं एकच, "काय नाय गो, रात्री सुंगटा जास्त झाली." मी उठलो, बघितलं, आणि मीच म्हणालो, गॅस असेल. मीच. ओव्याचं पाणी दिलं, सोडा दिला, गॅसची गोळी दिली. साडेपाच झाले. सात वाजता जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे पित्ताचं इंजेक्शन झालं. पहिला कार्डिओग्राम निघाला तो सकाळी नऊ चाळीसला. पट्टी बघून समोरच्या माणसाचा चेहरा बदलला. "मोठ्या ठिकाणी हलवा, आत्ताच्या आत्ता." गुठळी विरघळवायचं इंजेक्शन इथेच देता येईल का, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मग गोवा की कोल्हापूर यावर अंगणात अर्धा तास चर्चा. कोल्हापुरात मावसभावाची ओळख होती, म्हणून फोंडा घाट. धुकं, ट्रकांची रांग. दुपारी दोन वाजता दादा कॅथलॅबच्या टेबलावर पोचला.

पावणेदहा तास.

स्टेंट उत्तम बसला. डॉक्टर सज्जन होते, योजनेत सगळं बसवून दिलं, एक रुपया जादा घेतला नाही. दादा वाचला. पण हृदयाचं पंपिंग ३० टक्के राहिलं. तो आता जेटीवर बसून जाळी विणतो, होडीवर जात नाही. सकाळी नऊच्या आत इंजेक्शन मिळालं असतं तर किती स्नायू वाचला असता ते कोणी सांगू शकत नाही, पण वाचला असता. पहिल्या तासातला उपचार आणि दहाव्या तासातला उपचार यांना एकच नाव असलं तरी ती एक गोष्ट नाही.

अटॅकमध्ये फुगा-स्टेंट इंजेक्शनपेक्षा सरस, यात वाद नाही. २००३ मध्ये २३ चाचण्या आणि ७,७३९ रुग्ण एकत्र करून पाहिलं गेलं. इंजेक्शनवाल्यांत महिन्याभरातले मृत्यू ९ टक्के, फुगावाल्यांत ७. पण अट एक: वेळेत. पहिला उपचार मिळाल्यापासून साधारण दोन तासांत टेबलावर पोचता येणार असेल तर. मालवणातून घाट चढून, पावसात, हे होत नाही. करूळ घाट २०२४ मध्ये कामासाठी बंद पडला तेव्हा वैभववाडीकरांचं काय होत होतं ते त्यांना विचारा. मग आपल्यासारख्या मुलखाने काय करायचं, याचंही उत्तर संशोधनात आहे. २०१३ चं 'स्ट्रीम' संशोधन. ज्यांना तासाभरात अँजिओप्लास्टी मिळण्यासारखी नव्हती अशा १,८९२ रुग्णांत अर्ध्यांना आहे तिथेच टेनेक्टेप्लेज इंजेक्शन दिलं आणि मग मोठ्या केंद्रात पाठवलं. निकाल थेट अँजिओप्लास्टीच्या तोडीस तोड. इंजेक्शन देऊनही सुमारे ३६ टक्के लोकांची नळी उघडली नाही आणि त्यांना तातडीने टेबलावर घ्यावं लागलं, म्हणून पुढे पाठवणं चुकवायचं नाही. मेंदूत रक्तस्रावाचा धोका थोडा जास्त, म्हणून पंच्याहत्तरीच्या पुढे डोस निम्मा केला गेला. धोका आहेच, पण दहा तास काहीच न करण्याचा धोका कोणी मोजतो का?

भारतात काय होतं तेही मोजून झालंय. 'क्रिएट' नावाच्या नोंदणीत २०,४६८ रुग्ण होते, २००८ ला छापलं. अटॅक आल्यापासून हॉस्पिटलात पोचायला लागलेला वेळ, मधला आकडा, ३६० मिनिटं. सहा तास. आणि गरीब रुग्णांना उपचार कमी, मृत्यू जास्त: ८.२ टक्के, श्रीमंतांत ५.५. म्हणजे दादाची गोष्ट अपवाद नाही, आपण सरासरीपेक्षा थोडे उशिरा पोचलो इतकंच.

तामिळनाडूने यावर काम केलं. मोठी हॉस्पिटलं मध्यभागी, त्यांना जोडलेली छोटी सरकारी रुग्णालयं, ईसीजी वायरीवरून पाठवायची, इंजेक्शन छोट्या ठिकाणीच, मग अॅम्ब्युलन्सने पुढे. २,४२० रुग्णांचा आधी-नंतरचा हिशोब २०१७ मध्ये छापून आला. वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर. नवी इमारत नाही, नवी फीत नाही. आणि तामिळनाडू लांब वाटत असेल तर बांद्याच्या पलीकडे बघा. गोव्याने २०१८ च्या अखेरीस 'स्टेमी' प्रकल्प सुरू केला. आरोग्य केंद्रात ईसीजी, तो बांबोळीच्या जीएमसीत तज्ज्ञ बघणार, इंजेक्शन तिथेच. त्याच वर्षी गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना जीएमसीत शुल्क लावलं आणि आपल्या दोडामार्गातले लोक रस्त्यावर आले, आठवतं ना? बरोबरच होतं आंदोलन. पण आपण शेजाऱ्याच्या हॉस्पिटलच्या फीसाठी भांडलो आणि शेजाऱ्याने गावागावात काय सुरू केलं ते विचारलं नाही. मीही त्या आंदोलनाच्या बातम्या दिल्या, ईसीजीची एकही दिली नाही.

महाराष्ट्रातही स्टेमीचा कार्यक्रम आला आहे. ओरोसला २०२१ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. १०८ आहे. महात्मा फुले योजनेत आता पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, रेशन कार्ड कुठल्याही रंगाचं असो. कागदावर जोडायला सगळे तुकडे आहेत. पण निवडणूक आली की आपले नेते, सगळ्या पक्षांचे, एकच गोष्ट बोलतात: सुपर स्पेशालिटी, कॅथलॅब. आपणही टाळ्या वाजवतो. कॅथलॅब हवीच, नको कोण म्हणतो? पण कॅथलॅब म्हणजे मशीन नव्हे. रात्री तीनला येणारा हृदयरोगतज्ज्ञ, टेक्निशियन, नर्स आणि रविवारीही उघडं असलेलं कुलूप म्हणजे कॅथलॅब. ते होईपर्यंत आचऱ्यात, कट्ट्यात, देवगडात, वेंगुर्ल्यात पहाटे पाचला ईसीजी निघतो का आणि फ्रीजमध्ये इंजेक्शन आहे का, हा प्रश्न एकाही सभेत कोणी विचारलेला मी ऐकला नाही. फीत कापता येत नाही ना त्याची.

माझ्या एका डॉक्टर मित्राला हे लिहिण्याआधी वाचून दाखवलं. तो चिडला. म्हणाला, "तुझं वाचून ज्याला खरंच गरज आहे तोही स्टेंट टाळेल आणि मरेल. जबाबदारी घेशील?" मुद्दा योग्य आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. छातीत दुखणं बसल्या जागी येत असेल, वाढत चाललं असेल, घाम-धाप असेल तर तो स्टेबल आजार नाही, थेट हॉस्पिटल गाठा. डाव्या मुख्य नळीचा ब्लॉक असेल किंवा पंपिंग फार कमी असेल तर इस्केमियाचे आकडे तुम्हाला लागू नाहीत, तसे रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. मधुमेह आणि अनेक नळ्या बंद असतील तर २०१२ च्या 'फ्रीडम' संशोधनात स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरली होती, तेव्हा तेही विचारा. आणि ज्यांना स्टेंट बसलाय त्यांनी ही पोस्ट वाचून एकही गोळी बंद करायची नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरला न विचारता सोडल्या तर स्टेंटच्या आतच गुठळी होते. गावठी काढा सुरू केला म्हणून गोळ्या सोडलेले दोन जण मला माहीत आहेत. त्यातल्या एकाची श्रद्धांजलीची बातमी मीच लिहिली.

वाडीतल्या त्या माणसाला मी शेवटी काय सांगितलं? गुरुवारची गाडी सोड. आधी एका फिजिशियनकडे जा, जो तुला कुठे पाठवल्याचे पैसे घेत नाही. साखर, कोलेस्टेरॉल, बीपी बघ, तंबाखू थांबव, गोळ्या घे, महिन्याने घाटी चढून बघ. इको आणि स्ट्रेस टेस्टमध्ये काही मोठं निघालं किंवा दुखणं हटलं नाही तर अँजिओग्राफी कर, पण टेबलावर कोणी पाच मिनिटं दिली तर 'हा अटॅक आहे का' एवढं विचार. तो म्हणाला, "आणि तवसर काय झाला तर?" मी म्हटलं, घाम येऊन छातीत भरलं आणि वीस मिनिटांत गेलं नाही तर सोडा-ओवा नाही, मला फोन नाही, १०८. त्याने नंबर कॅलेंडरवर लिहून घेतलाय.

सोमवारी मी ओरोसला माहिती अधिकाराचा अर्ज देतोय. प्रश्न चार. जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात रात्री ईसीजी काढण्याची व्यवस्था आहे का. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन गेल्या वर्षात कुठे किती आलं आणि किती रुग्णांना दिलं गेलं. अटॅकचे किती रुग्ण कुठे पाठवले आणि दारात आल्यापासून निघेपर्यंत किती मिनिटं गेली, याची नोंद ठेवली जाते का. आणि बाहेरच्या हॉस्पिटलांना शिबिरं घ्यायला परवानगी देताना कोणत्या अटी घातल्या जातात. उत्तर जसं येईल तसं इथे टाकेन, चांगलं असेल तरी.

तुमच्या घरात गेल्या पाच वर्षांत अटॅक आला असेल तर कमेंटमध्ये फक्त तीन वेळा लिहा: दुखायला कधी लागलं, पहिला ईसीजी कधी निघाला, पहिलं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी कधी झाली. हॉस्पिटलचं, डॉक्टरचं नाव नको. माझ्या घरच्या वेळा: सव्वाचार, नऊ चाळीस, दोन.